अध्यक्षाची खुर्ची : विठ्ठलभाई पटेल, दादासाहेब मावळंकर आणि एक अपुरा राहिलेला प्रश्न

आजचा विषय कायद्याचा आणि मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. त्यामुळे नियमावलीतली कलमं एकामागून एक वाचून दाखवायचा माझा विचार नाही. मला इतिहासातल्या दोन माणसांबद्दल बोलायचं आहे आणि त्यांच्या निमित्ताने एका प्रश्नाबद्दल. विधिमंडळाचा अध्यक्ष स्वतंत्र असावा असं आपण सगळेच म्हणतो. पण स्वतंत्र म्हणजे कोणापासून स्वतंत्र? हा प्रश्न नीट विचारला तर बरीचशी गुंतागुंत आपोआप समोर येते.

आधी शब्दाचं बघू. विधानसभेला आपण अध्यक्ष म्हणतो, विधान परिषदेला सभापती. इंग्रजांच्या काळात दिल्लीच्या केंद्रीय असेंब्लीत याच पदाला 'प्रेसिडेंट' म्हणत. आणि मूळ इंग्लंडातला शब्द 'स्पीकर', म्हणजे बोलणारा. आता गंमत बघा. सभागृहात सगळ्यात कमी बोलायचं ते याने, आणि नाव मात्र बोलणारा. याचं कारण असं की तो सभागृहात बोलणारा नव्हताच. तो सभागृहाच्या वतीने राजाशी बोलणारा होता. १३७७ साली सर थॉमस हंगरफर्ड यांना पहिल्यांदा ही पदवी लागली. राजाला पैसे हवे असत आणि सभागृहाच्या तक्रारी असत. त्या तक्रारी दरबारात जाऊन सांगायच्या त्या या गृहस्थांनी. काम जोखमीचं. राजाची मर्जी फिरली तर मान जायची. इंग्लंडात नव्या स्पीकरला दोन सभासद हाताला धरून ओढत खुर्चीपर्यंत नेतात आणि तो नको-नको म्हणत मागे रेलतो, हा प्रकार आज नाटकासारखा वाटतो. पण त्याच्या मुळाशी खरोखरची भीती आहे.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सर थॉमस मोर माहीत असतात ते 'युटोपिया'चे लेखक म्हणून. हे मोर १५२३ साली स्पीकर होते, आणि सभासदांना सभागृहात मोकळेपणाने बोलता यावं, त्याबद्दल राजाने राग धरू नये, अशी विनंती त्यांनी आठव्या हेन्रीला केली होती. पुढे १५३५ साली त्यांचं मस्तक उडालं. कारण वेगळं होतं, पण राजा तोच.

आणि मग ४ जानेवारी १६४२. पहिला चार्ल्स सैनिक घेऊन कॉमन्स सभागृहाच्या दारात आला, आत शिरला, स्पीकर विल्यम लेंथॉल यांच्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिला आणि पाच सभासद कुठे आहेत म्हणून विचारू लागला. लेंथॉल गुडघे टेकून म्हणाले, त्याचा आशय असा की सभागृह जे दाखवील तेच पाहायला मला डोळे आहेत आणि सभागृह जे सांगेल तेच बोलायला मला जीभ आहे. एरवी हे लेंथॉल काही मोठे शूरवीर म्हणून प्रसिद्ध नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी खुर्चीचा अर्थ सांगून टाकला. स्पीकर हा राजाचा माणूस नाही, सभागृहाचा आहे.

हे झालं राजापासूनचं स्वातंत्र्य. पक्षापासूनचं स्वातंत्र्य ही निराळी गोष्ट. ते इंग्लंडातही एकदम आलं नाही. अठराव्या शतकात आर्थर ऑन्स्लो ३३ वर्षं खुर्चीवर बसले आणि निःपक्षपातीपणाचा एक वळसा त्यांनी त्या पदाला घालून दिला. नंतर हळूहळू प्रथा पडली की स्पीकर झालेला माणूस पक्ष सोडतो, त्याच्या मतदारसंघात मोठे पक्ष सहसा उमेदवार देत नाहीत, सरकार बदललं तरी तोच चालू राहतो, आणि पद सोडल्यावर तो पुन्हा पक्षाच्या राजकारणात येत नाही. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण बहुतेक सगळे पाळतात.

ही दोन स्वातंत्र्यं वेगळी धरा. कारण आपल्या देशात पहिलं फार दिमाखात आलं आणि दुसरं दारातच थांबलं, असं मला वाटतं.

आता विठ्ठलभाई. सरदार पटेलांचे थोरले बंधू. दोघांचीही आद्याक्षरं इंग्रजीत एकच, व्ही. जे. पटेल. वल्लभभाईंनी विलायतेला जाण्याची सगळी व्यवस्था केली होती. कागदपत्रं थोरल्याच्या हाती पडली आणि थोरला म्हणाला, मी मोठा आहे, आधी मी जातो. वल्लभभाईंनी जाऊ दिलं. असे हे विठ्ठलभाई. मुंबईत वकिली केली, मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि पुढे स्वराज्य पक्षाच्या पहिल्या फळीत आले.

१९१९ च्या सुधारणा कायद्यात तरतूद अशी होती की केंद्रीय असेंब्लीचा पहिला अध्यक्ष सरकार नेमील, तोही चार वर्षांसाठी, आणि त्यानंतरचा सभागृहाने निवडायचा, पण त्याला गव्हर्नर जनरलची मान्यता लागेल. पहिले नेमलेले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट. ते ब्रिटिश पार्लमेंटात सभासद राहिलेले, तिथल्या रीतिरिवाजात मुरलेले गृहस्थ. त्यांची मुदत संपली आणि १९२५ च्या ऑगस्टमध्ये निवडणूक झाली. एका बाजूला दिवाणबहादूर टी. रंगाचारियार, दुसऱ्या बाजूला विठ्ठलभाई. विठ्ठलभाईंना ५८ मतं पडली, रंगाचारियारांना ५६. दोन मतांनी निवड.

यातला विरोधाभास लक्षात घ्या. स्वराज्य पक्षाचं धोरणच मुळी कौन्सिलात शिरून सरकारची अडवणूक करायची हे होतं. त्या पक्षाचा एक पुढारी अडवणूक करायला आत गेला आणि पंचाच्या खुर्चीवर जाऊन बसला. पुष्कळांना वाटलं असेल की आता खुर्चीवरून अडवणूक होणार. पण निवड होताच विठ्ठलभाईंनी जाहीर केलं की या क्षणापासून मी कुठल्याच पक्षाचा राहिलो नाही. आणि १९२७ साली नव्या असेंब्लीत त्यांची फेरनिवड झाली ती बिनविरोध. दोन मतांनी आलेला माणूस दीड वर्षात एकमताने परत येतो, तेही ज्या सभागृहात सरकारनियुक्त सभासद आहेत अशा सभागृहात. ही साधी गोष्ट नाही.

पुढे १९२८ चा सप्टेंबर. सरकारने 'पब्लिक सेफ्टी बिल' आणलं. बाहेरून आलेल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना हद्दपार करता यावं म्हणून ते होतं. मतदान झालं, ६१ विरुद्ध ६१. समसमान. आता अध्यक्षाचं निर्णायक मत. विठ्ठलभाईंनी ते बिलाच्या विरोधात दिलं. त्यांची कारणमीमांसा मला तर्काच्या दृष्टीने फार आवडते. इतका असाधारण कायदा ज्याला करून हवा आहे त्याने सभागृहाचं बहुमत स्वतः मिळवावं, अध्यक्षाच्या मताच्या कुबडीवर तो उभा राहू नये. म्हणजे बिल चांगलं की वाईट यावर ते बोललेच नाहीत. सिद्ध करण्याचा भार कोणावर, एवढंच त्यांनी सांगितलं.

सरकारने बिल पुन्हा आणलं. मधल्या काळात, १९२९ च्या मार्चमध्ये, मीरत कटाचा खटला उभा राहिला. विठ्ठलभाई म्हणाले की या बिलावर चर्चा करायची तर त्या खटल्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टींवरच बोलावं लागणार आणि खटला तर न्यायालयापुढे आहे. तेव्हा सरकारने एक तर बिल लांबणीवर टाकावं, नाही तर खटला मागे घ्यावा. सरकारने दोन्ही नाकारलं. ८ एप्रिल १९२९ या दिवशी विठ्ठलभाई आपला निर्णय वाचायला उभे राहणार होते. त्याच वेळी प्रेक्षक कक्षातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्या धुरात अडकलेला निर्णय काय होता, हे शाळेत सांगत नाहीत. तो ११ एप्रिलला दिला गेला. अध्यक्षांनी बिल चर्चेला घेऊ देण्यास नकार दिला.

व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी लगेच दोन गोष्टी केल्या. अध्यक्षाला पुन्हा असं करता येऊ नये म्हणून नियम बदलू असं जाहीर केलं, आणि जे सभागृहातून मिळालं नाही ते वटहुकूम काढून मिळवलं. वटहुकूम हा शब्द जरा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

विठ्ठलभाईंचं आणखी एक काम कमी नाट्यमय पण जास्त टिकाऊ. असेंब्लीचं कार्यालय तोवर सरकारच्या खात्याचा भाग होतं. म्हणजे अध्यक्षाचे कारकून सरकारचे नोकर, त्यांची बढती-बदली सरकारच्या हातात. ते म्हणाले, हे चालणार नाही. बराच झगडा झाला आणि १९२९ च्या जानेवारीत असेंब्लीचं स्वतंत्र कार्यालय सुरू झालं. आजचं लोकसभेचं सचिवालय हा त्याचाच वाढलेला वृक्ष. आवारातल्या पहाऱ्यावर हुकूम कोणाचा, यावरही त्यांनी सरकारशी असाच वाद घातला. हे सगळे विषय किरकोळ वाटतात. पण लेंथॉलच्या दारात उभे असलेले सैनिक आठवले की ते किरकोळ राहत नाहीत. १९३० च्या एप्रिलमध्ये, मिठाचा सत्याग्रह सुरू असताना, त्यांनी राजीनामा दिला.

इथपर्यंतची गोष्ट स्फूर्तिदायक आहे. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे एक खोडसाळ प्रश्न विचारील. विठ्ठलभाईंची निःस्पृहता कोणाविरुद्ध सिद्ध झाली? परक्या सरकारविरुद्ध. सरकार सभागृहाला जबाबदार नव्हतं, सभागृहातून निवडून आलेलं नव्हतं. त्यामुळे सभागृहाची बाजू घेणं आणि देशाची बाजू घेणं या दोन्ही गोष्टी एकच होत्या. आपल्याच पक्षाचं सरकार समोर बसलं आहे आणि त्याला नाही म्हणायचं आहे, अशी परीक्षा त्यांच्या वाट्याला आली नाही.

ती आली गणेश वासुदेव मावळंकरांच्या वाट्याला. दादासाहेब मावळंकर. मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, जन्म १८८८ साली बडोद्याला, वकिली अहमदाबादेत. १९३७ साली मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९४६ च्या जानेवारीत केंद्रीय असेंब्लीचे अध्यक्ष झाले, ते सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ६६ विरुद्ध ६३ मतांनी, म्हणजे तीन मतांनी. आणि १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष. ही निवडही बिनविरोध नव्हती. विरोधकांनी उमेदवार दिला होता तो आपल्या सोलापूरचा, शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. मतं पडली ३९४ विरुद्ध ५५. आणि या मोऱ्यांनी स्वतःचं मत मावळंकरांना दिलं. प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांना मत द्यावं अशी संसदीय रीत, म्हणून. थॉमस मोर ते शंकरराव मोरे, नावं जुळतात हा योगायोग. पण सभ्यतेची जात एकच म्हणावी लागेल.

मावळंकरांनी एक गोष्ट स्पष्टपणे मांडली आणि ती लोकांना तेव्हाही फारशी रुचली नाही. ते म्हणत, इंग्लंडातली प्रथा उत्तम आहे, पण ती एकतर्फी चालत नाही. अध्यक्षाने पक्ष सोडायचा असेल तर बाकीच्या पक्षांनी त्याच्या मतदारसंघात उमेदवार देऊ नये. ते होईपर्यंत अध्यक्षाला कुठल्या तरी पक्षाच्या तिकिटावर उभं राहावंच लागणार. मग त्याने निदान पक्षाच्या रोजच्या राजकारणापासून लांब राहावं. ते काँग्रेसमध्येच राहिले. हा प्रामाणिकपणा होता, पण यातच अडचणीचं बी होतं. अध्यक्षाचं पुढचं तिकीट पक्षाच्या हातात राहिलं.

तरी माणूस ताठ होता. सरकार उठसूट वटहुकूम काढतं याबद्दल त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रं लिहिली. वटहुकूम हा लोकशाहीला धरून नाही, अगदी निकड असेल तरच काढावा, असा त्यांचा मुद्दा. बघा, १९२९ साली आयर्विनने अध्यक्षाला वळसा घालून जे हत्यार वापरलं, तेच हत्यार आता स्वराज्याचं सरकार वापरत होतं आणि त्याच खुर्चीवरून त्याला आक्षेप घेतला जात होता. फरक इतकाच की विठ्ठलभाईंनी खुर्चीवरून निर्णय दिला होता, मावळंकरांनी पत्र लिहिलं.

१८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्याविरुद्ध लोकसभेत पदावरून दूर करण्याचा ठराव आला. पक्षपाताचा आरोप होता. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार खुर्चीवर बसले. नेहरूंनी आपल्या पक्षाच्या लोकांना सांगितलं की हा पक्षाचा प्रश्न समजू नका, पक्षादेश नाही, प्रत्येकाने स्वतःच्या बुद्धीने मत द्यावं. बोलायला जास्त वेळ विरोधकांना मिळावा असंही त्यांनी सुचवलं. ठराव फेटाळला गेला. तो फेटाळला जाणार हे उघडच होतं. पण फेटाळण्याची रीत पाहण्यासारखी आहे.

इथे दोन संस्कृत शब्द आणतो, कारण आपल्या भाषेने हा विचार आधीच करून ठेवला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' हे शब्द एकाच श्लोकात, पण वेगवेगळे येतात. शंकराचार्यांनी भेद सांगितला आहे. उदासीन म्हणजे कोणाचाच पक्ष न घेणारा. मध्यस्थ म्हणजे भांडणाऱ्या दोघांचंही हित पाहणारा. आपण अध्यक्षाकडून अपेक्षा करतो ती बहुधा उदासीनाची. त्याने भावनाशून्य असावं, वजनकाट्यासारखं. माझ्या मते सभागृहाला लागतो मध्यस्थ. बहुमताला कामकाज पार पाडायचं असतं, अल्पमताला बोलायचं असतं, आणि दोन्ही गोष्टी व्हाव्यात अशी ज्याला मनापासून तळमळ आहे तो अध्यक्ष. विठ्ठलभाई उदासीन मुळीच नव्हते.

असो. मावळंकरांनी मांडलेली अट कोणी पुरी केली नाही. १९६७ साली नीलम संजीव रेड्डी लोकसभेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी काँग्रेसचा रीतसर राजीनामा दिला. चांगली सुरुवात होती. पण १९६९ साली तेच काँग्रेसचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार म्हणून खुर्ची सोडून गेले. त्याच सुमाराला आपले वि. स. पागे, महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती, रोजगार हमीचे जनक, यांच्या अध्यक्षतेखाली पीठासीन अधिकाऱ्यांची एक समिती झाली. तिने सुचवलं की ज्याने निःपक्षपातीपणे काम केलं त्याला पुढच्या सभागृहातही अध्यक्ष म्हणून राहू द्यावं. सूचना कपाटात राहिली. १९७५ साली गुरदयाल सिंग धिल्लन अध्यक्षपदावरून थेट मंत्रिमंडळात गेले. पुढे ही वाट मळली. आपल्याकडे विधानसभेचे अध्यक्ष पुढे मंत्री होतात, प्रदेशाध्यक्ष होतात, आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. मला वाटतं. भीतीपेक्षा आशा माणसाला जास्त बांधते. ज्याला खुर्चीनंतर काही मिळवायचं आहे तो खुर्चीवर असताना कोणाकडे बघेल?

हे सगळं १९८५ पर्यंत शिष्टाचाराच्या पातळीवर होतं. पक्षपाती अध्यक्ष म्हणजे फार तर एखाद्याला बोलू देणार नाही, तहकुबी नाकारील. १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती आली, दहावं परिशिष्ट, पक्षांतरबंदी. आमदार-खासदार अपात्र ठरला की नाही, हा निर्णय अध्यक्षाकडे दिला. म्हणजे पंचाच्या हातात खेळाडूला कायमचं बाहेर काढण्याचा अधिकार आला, आणि पर्यायाने सामना कोण जिंकणार हे ठरवण्याचा. किहोटो होलोहान खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरली. अध्यक्षाचा निर्णय न्यायालयाला तपासता येईल, एवढी खिडकी उघडी ठेवली. दोन न्यायमूर्तींचं अल्पमत असं होतं की ज्याचं पदच बहुमताच्या मर्जीवर टिकून आहे, त्याला स्वतंत्र न्यायाधीश कसं म्हणायचं? संविधानात अध्यक्षाला दूर करायला सभागृहाच्या एकूण तत्कालीन सभासदांचं बहुमत पुरतं. न्यायाधीशाच्या बाबतीत असं असतं तर आपण त्याला न्यायाधीश म्हटलं असतं का?

न्यायशास्त्रात एक दोष सांगितला आहे, अन्योन्याश्रय. 'अ' सिद्ध व्हायला 'ब' लागतो आणि 'ब' सिद्ध व्हायला 'अ' लागतो. महाराष्ट्रात हा दोष आपण पुस्तकाबाहेर चालता-बोलता पाहिला. २०२१ च्या फेब्रुवारीत विधानसभेचं अध्यक्षपद रिकामं झालं आणि जवळजवळ दीड वर्ष रिकामं राहिलं. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेत फूट पडली. ३ जुलै २०२२ ला १६४ विरुद्ध १०७ मतांनी नवे अध्यक्ष निवडले गेले. ज्यांनी मतं दिली त्यांच्यातल्या काहींच्या अपात्रतेचे अर्ज पडून होते. ते अर्ज आता कोण निकालात काढणार? त्यांच्या मतांनी निवडून आलेले अध्यक्ष. मी इथे कोणाची बाजू घेत नाही. दुसऱ्या बाजूचा अध्यक्ष असता तरी आकृती हीच राहिली असती. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं की निर्णय अध्यक्षांनीच, पण वाजवी मुदतीत द्यावा. तो १० जानेवारी २०२४ ला आला. दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही.

सोमनाथ चटर्जींचं नाव घ्यायला हवं. २००८ साली त्यांच्या पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला आणि अध्यक्षपद सोडा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मी सभागृहाचा आहे. २३ जुलैला पक्षाने त्यांना काढून टाकलं. लेंथॉल राजाला जे म्हणाले ते चटर्जींना पक्षाला म्हणावं लागलं. पुढची लोकसभा निवडणूक त्यांनी लढवली नाही.

शेवटचा मुद्दा निवडीच्या पद्धतीचा. आपल्या संविधानात अध्यक्षाने राजीनामा राष्ट्रपतींकडे किंवा राज्यपालांकडे द्यायचा नसतो, उपाध्यक्षाकडे द्यायचा असतो. घटनाकारांनी इतका बारीक विचार केला होता. पण सतराव्या लोकसभेत पाच वर्षं उपाध्यक्षच निवडला गेला नाही. अध्यक्षपदासाठी वेगळी शपथही नाही. तो सभासद म्हणून घेतो तीच. आणि मतदान? ब्रिटनमध्ये २००९ पासून स्पीकरची निवड गुप्त मतदानाने होते. कारण उघड आहे: पक्षाच्या प्रतोदाला कळू नये की कोणी कोणाला मत दिलं. १९९२ साली तर सरकार हुजूर पक्षाचं असताना सभागृहाने मजूर पक्षाच्या बेटी बूथरॉइड यांना निवडलं होतं, तेही उघड मतदानाने.

महाराष्ट्र विधानसभेच्या नियमांतही अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने करण्याची तरतूद होती. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ती बदलून मतदान उघड करण्यात आलं. तेव्हाच्या विरोधकांनी त्यावर आक्षेप घेतला. सात महिन्यांत तेच सत्तेत आले, अध्यक्षाची निवडणूक झाली, आणि ती बदललेल्या नियमानेच झाली. एकेक सभासद जागेवर उभा राहिला आणि शिरगणती झाली.